मास्तर कोणाचा?

1882 साली हंटर आयोगापुढे महात्मा फुल्यांनी रोखठोक हिशेब मांडला. सरकारी तिजोरी भरते रयतेच्या कष्टावर आणि रिती होते वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर. प्राथमिक शिक्षण बारा वर्षांपर्यंत सक्तीचे करा, ही त्यांची मागणी होती.

गोपाळ कृष्ण गोखल्यांचे प्राथमिक शिक्षणाचे विधेयक त्याहून बेताचे होते. सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांना शाळेची सक्ती करण्याची मुभा स्थानिक संस्थांना मिळावी, एवढेच. 19 मार्च 1912 रोजी ते 38 विरुद्ध 13 मतांनी पडले. विरोधात सरकारी सभासद होते, तसे जमीनदारही होते. सयाजीरावांनी मात्र 1906 मध्येच साऱ्या बडोदा संस्थानात सक्ती आणली होती. 1917 मध्ये शाहू महाराजांनी करवीरात तेच केले, वर मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. सत्तेने मनावर घेतले की शाळा उभी राहते, याला याहून मोठा पुरावा नको.

आज शाळेला उघड विरोध कोणीच करत नाही. उलट पुढारी स्वतःच संस्था काढतो, आणि खरी अडचण तिथूनच सुरू होते. मान्यता, अनुदान, नेमणूक या तिन्ही दोऱ्या त्याच्या आवाक्यात येतात. ज्या शिक्षकाची नोकरी संस्थाचालकाच्या मर्जीवर टिकते, तो निवडणुकीत कोणाचा प्रचार करणार?

2001 च्या सुमारास राज्याने ‘कायम विनाअनुदानित’ तत्त्वावर शाळांना परवानग्या दिल्या. ‘कायम’ हा शब्द 2009 मध्ये वगळला, पण वगळल्याने पगार सुरू झाला नाही. अनुदान आज येईल, उद्या येईल या आशेवर माणसे वर्षानुवर्षे फुकट शिकवत राहिली, सुट्टीत मजुरी करत राहिली आणि अधिवेशन आले की आझाद मैदानात बसली. गावातल्या गरीब पोराच्या वर्गाचा भार या उपाशी माणसांनी वाहिला, ही राज्याला लाज आणणारी गोष्ट आहे.

जिथे अनुदान होते, तिथे पट फुगवला गेला. नांदेडमध्ये बोगस विद्यार्थी उघडकीला आल्यावर ऑक्टोबर 2011 मध्ये राज्यभर पटपडताळणी झाली. एकच मूल दोन शाळांत मोजले जाऊ नये म्हणून मुलांच्या बोटांना शाई लावावी लागली! जी मुले नव्हतीच, त्यांच्या नावावर शिक्षकांची पदे मंजूर होती.

पुढे ‘पवित्र’ पोर्टलवरून गुणवत्तेने भरती आणि जिल्हा परिषद शिक्षकांच्या ऑनलाइन बदल्या सुरू झाल्या. दोन्ही पावले योग्यच. मात्र खासगी संस्थांसाठी मुलाखतीची वाट मोकळी राहिली.

शिक्षण हक्क कायद्याने सरकारी शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना आणि निम्म्या स्त्रियांना दिल्या आहेत. अनुदान कुठे खर्च झाले हे पाहण्याचा अधिकार या समितीचा आहे. पालकांनी इतिवृत्तावर सही करण्याआधी ते मोठ्याने वाचून घ्यावे आणि शिक्षकाची जागा किती महिने रिकामी आहे, हे सभेत विचारावे.