रिंगण आणि सुषिर वाद्यें

विश्रामबागेच्या एका अंगास सांगली व दुसऱ्या अंगास मिरज. मिरजेंत भोपळ्यांना तारा चढवून सतारी-तंबोरे घडविणारीं घराणीं पिढ्यान् पिढ्या नांदत आलीं. आणि कृष्णाकांठच्या अंकलखोप गांवचे विष्णुपंत छत्रे यांनीं आपल्या सर्कशीचा पहिला खेळ १८८० सालीं जवळच्याच कुरुंदवाडास केला. तार आणि रिंगण हीं दोन्हीं ज्या मुलखाच्या ओळखीचीं, तेथील श्रोत्यास अमेरिकन संगीतकार जॉन कोरिग्लियानो यांची तिसरी सिंफनी अगदींच परकी वाटूं नये.

सिंफनी म्हणजे वाद्यांच्या मोठ्या मेळासाठीं योजिलेली, अनेक खंडांची दीर्घ रचना. परंपरेनें तिचा भार व्हायोलिनांवर. कोरिग्लियानो यांचे वडीलच मुळीं न्यूयॉर्क फिलहार्मोनिक ह्या वाद्यवृंदाचे प्रमुख व्हायोलिनवादक. पुत्राची दुसरी सिंफनी केवळ तंतुवाद्यांची, आणि तिला २००१ चें पुलित्झर पारितोषिक मिळालेलें. असें असतां तिसऱ्या खेपेस त्यांनीं व्हायोलिनांचा ताफाच दूर सारला व बासऱ्या, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, कर्णे अशा फुंकून वाजवावयाच्या वाद्यांवर आणि ढोल-नगाऱ्यांवर सारी मदार ठेविली. टेक्सास विद्यापीठाच्या वादकांनीं जेरी जंकिन यांच्या नेतृत्वाखालीं ती फेब्रुवारी २००५ मध्यें प्रथम वाजविली.

तिचें नांव ‘सर्कस मॅक्सिमस’. प्राचीन रोममधील रथांच्या शर्यतींचें हें अफाट मैदान. लाखाहून अधिक प्रेक्षक तेथें बसत. दूरचित्रवाणीसमोर बसलेला आजचा मनुष्य त्याच प्रेक्षकांचा वारस होय, असा संगीतकाराचा आरोप आहे. म्हणून वादकांची बैठकही त्यांनीं निराळी योजिली. कांहीं रंगमंचावर, बाकीचे श्रोत्यांच्या सभोंवार. पुढें तर एक संचलनाचा बँड श्रोत्यांमधील वाटेनें चालत येतो. तिकीट काढून आलेला गृहस्थ मान वळवून पाहूं लागतो, तों रिंगणाच्या मधोमध आपणच बसलों आहों असें त्यास आढळतें.

हें काम व्हायोलिनांचें नव्हे. सर्कशीच्या तंबूंतही बँड उगाच ठेवीत नाहींत. घोडा बँडच्या ठेक्यावर नाचतो अशी प्रेक्षकांची समजूत. वस्तुतः बँडमास्तरच घोड्याच्या टापांवर नजर ठेवून ठेका धरीत असतो. १९४४ सालीं अमेरिकेंत हार्टफर्ड येथें भर खेळांत तंबूनें पेट घेतला, तेव्हां बँडवाल्यांनीं संकटाची खूण म्हणून ठरलेलें सूझाचें संचलनगीत वाजवून सर्कशीच्या मंडळीस सावध केलें.

कोरिग्लियानो यांचा आरोप मात्र छत्र्यांच्या तंबूस जसाच्या तसा लागू पडत नाहीं. रोमन प्रेक्षक दुसऱ्याच्या प्राणाशीं चाललेला खेळ पाहत. झुल्यावरचा कसरतपटु स्वतःचा प्राण पणास लावी. पण पिंजऱ्यांतील वाघसिंहांचें काय? त्यांना कोणीं विचारलें होतें? १९९८ च्या सरकारी अधिसूचनेनें त्यांचे खेळ बंद केले. सर्कशीच्या अभिमान्यांस कितीही झोंबो, तें योग्यच झालें.

सिंफनीचे खंड आठ. वाहिन्यांमागून वाहिन्या बदलाव्यात तसें एका खंडांत संगीत मध्येंच तुटत राहतें. त्यापुढील दोन रात्रींचीं चित्रें सर्वांत सरस: एक रानांतील, दूरच्या श्वापदांच्या हाळीसह, दुसरें महानगरांतील, भोंग्यांनीं फाटलेलें. ज्यावरून सिंफनीस नांव पडलें तो खंड निव्वळ कोलाहलाचा, आणि कान त्यास लवकर विटतो. मग प्रार्थना येते. ती संपते न संपते तोंच कोलाहल पुनः चढतो, आणि अखेरीस सभागृहांत बंदुकीचा एक बार उडतो. काडतुसांत गोळी नसते. तरीही श्रोते खुर्चींत दचकतात.