वाढणारा मेंढा कळपात राहावा म्हणून



फलटण, जत, लातूरहून पशुवैद्यक नि मेंढपाळ इतक्या लांब, चंडीगडच्या या परिषदेला आले आहेत. जनावरांच्या देशी जातींची अधिकृत नोंद ठेवणारी संस्था इथून जवळच, कर्नालला आहे. संत नामदेवांचं घुमान ज्या गुरदासपूर जिल्ह्यात आहे, तिथलीच बीटल शेळी आता महाराष्ट्रातल्या गोठ्यांत दिसते.

तरी मी बोलणार आहे ते फलटणच्या मेंढीबद्दल. सुंदरबनची गरोळ मेंढी लहानखुरी, पण जुळी-तिळी देणारी. ही क्षमता देणारं तिच्यातलं 'फेक-बी' जनुक बनबिहारी निंबकर आणि डॉ. चंदा निंबकर यांनी आपल्या फलटणच्या संस्थेत दख्खनी मेंढीत आणलं, आणि 'नारी सुवर्णा' तयार झाली. जुळ्यांमागचा हा फरक जनुकातल्या एकाच अक्षराचा आहे, हे 2001 साली उलगडलं.

वाढीचं गणित इतकं सोपं नाही. बेल्जियन ब्लू गायींमध्ये एकाच जनुकातल्या बिघाडाने अंगावर नेहमीपेक्षा बरंच जास्त मांस चढतं खरं, पण वासरू बहुधा पोट फाडूनच काढावं लागतं. एरवी वजन ठरतं ते शेकडो जनुकांच्या बारीक-बारीक फरकांवर. त्यात जुळं कोकरू जन्मतःच हलकं, आणि आईचं दूध दोघांत वाटलेलं. ते मागे पडलं तर दोष बापाच्या रक्ताचा, आईच्या कासेचा की वाळलेल्या कुरणाचा? कानात बिल्ला, जन्माच्या दिवशीचं वजन, तिसऱ्या महिन्याचं वजन, आई-बापाचा क्रमांक, एवढं वहीत असल्याशिवाय कोणतीही प्रयोगशाळा याचं उत्तर देऊ शकत नाही. कळप पायी कोकणात उतरतो, तेव्हा वजनकाटाही धनगरांच्या वाड्यावर जायला हवा: झाडाच्या फांदीला टांगलेला, खाली झोळी, झोळीत धडपडणारं कोकरू.

मला सर्वांत जास्त सलते ती गोष्ट बाजारातली आहे. जो नर भराभर वाढतो, त्याला भाव चांगला मिळतो, म्हणून तोच आधी विकला जातो. कळपात पैदाशीला उरतो मागे पडलेला. यात धनगराचा दोष नाही, त्याला पैशांची निकड असते. तो मेंढा राखून ठेवण्याचा मोबदला त्याला कुणी देतच नाही.

हा मोबदला कोणी द्यायचा आणि किती, हे या दोन दिवसांत ठरावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे. समोर बसलेल्या मेंढपाळांना आधी बोलू द्यावं, एवढं अध्यक्षांना सुचवतो आणि परिषदेची सूत्रं त्यांच्याकडे सोपवतो.