बंद डबा आणि लाकडी नंदी

(यवतमाळ येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



प्रौढ माणसांनी बाहुल्या जमवाव्यात, खेळण्यांच्या पेट्या उघडून त्यांतील गुणदोषांची चर्चा करावी, हा विषय अभ्यासवर्गाच्या कार्यक्रमपत्रिकेवर पाहून काहींना हसू आले असेल. कापसाचा भाव, पीकविमा आणि कर्जाची थकबाकी यांनी गांजलेल्या जिल्ह्यात हा रिकामटेकड्यांचा छंद कोठून आला, असेही कोणाच्या मनात आले असेल. ही शंका अगदीच अनाठायी नाही. तथापि कष्टकऱ्याने दिवसाचे आठ तास मागितले ते केवळ झोप काढण्यासाठी नव्हे. उरलेल्या वेळेत त्याने काय करावे हे मालकाने ठरवू नये, तसेच ते चळवळीतल्या गंभीर चेहऱ्याच्या मंडळींनीही ठरवू नये. कोणी तिकिटे जमवतो, कोणी जुनी नाणी, कोणी बाहुल्या. प्रश्न छंदाचा नाही, त्या छंदाचा व्यापार कोण आणि कसा करतो याचा आहे.

आणि विदर्भाच्या माणसाने तर या छंदाला हसण्याचे कारणच नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, तान्हा पोळा भरतो. नागपूरकर भोसल्यांपैकी दुसऱ्या रघूजींनी १८०६ साली तो सुरू केला असे सांगितले जाते. मुले चाकांचे लाकडी नंदी सजवून ओढत आणतात, घरोघर जाऊन बोजारा घेतात. सण मुलांचा खरा, पण नंदीभोवती जमलेला घोळका पाहावा. आदल्या दिवशी तोरणाखाली झडत्या म्हणताना सरकारपासून सावकारापर्यंत सर्वांची हजेरी घेणारी तीच माणसे दुसऱ्या दिवशी उकिडवी बसून लाकडी बैल तपासत असतात. वशिंड नीट उचलले आहे का, दोन्ही शिंगांचा झोक सारखा आहे का, मानेची पोळी लाकडात उतरली आहे का, चारही चाके एकदम जमिनीला टेकतात का, रंग खाली लाकडाची भेग तर लपवीत नाही ना? स्पर्धा असली तर परीक्षकांच्या निकालावर आणखी दोन दिवस वाद चालतो. आज शहरांतून खेळण्यांची पेटी उघडून, बाहुलीची शिवण आणि सांधे न्याहाळून, तिचे परीक्षण चित्रफितीत मांडणारी प्रौढ मंडळी याहून निराळे काय करतात? फरक असलाच तर इतकाच, की पोळ्यातल्या परीक्षकाने खरा बैल हाताळलेला असतो.

हा नंदी वर्षभर कोनाड्यात किंवा माळ्यावर राहतो. सागवानाचा चांगला नंदी दोन-तीन पिढ्या टिकतो. बापाने ओढलेला नातवाच्या हाती येतो. दर वर्षी नवे काही करायचे ते झूल, बेगड आणि रंगाचे. ज्यांना लाकडी परवडत नाही ते मातीचे बैल करतात; ज्यांच्या गोठ्यात जनावर उरले नाही अशी कुटुंबेही मातीच्या बैलांची पूजा करतात. गोठे जसजसे रिकामे होत गेले, तसतसा हा खेळण्यातला बैल पुष्कळ घरांत उरलेला एकच बैल झाला. ही गोष्ट करमणुकीची नाही.

संग्राहकांचीही आपल्याकडे थोर परंपरा आहे. पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर हे ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहीत आणि चष्म्यांचा व्यवसाय करीत. त्यांनी राजांच्या तलवारींमागे न धावता दिवे, अडकित्ते, दौती, भांडी, खेळणी, बाहुल्या असा घराघरातला ऐवज गावोगाव फिरून मिळवला. अकाली गेलेल्या मुलाच्या नावाने त्यांनी या संग्रहाला ‘राजा’ हे नाव जोडले आणि १९७५ साली तो महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. दिल्लीत व्यंगचित्रकार शंकर यांनी हंगेरीच्या राजदूताकडून मिळालेल्या एका बाहुलीपासून प्रारंभ केला आणि १९६५ साली बाहुल्यांचे आंतरराष्ट्रीय संग्रहालय उभे राहिले. नेहरूंपासून सर्वांना चिमटे काढणारा हा माणूस देशोदेशीच्या बाहुल्या जमवीत होता, याचे त्या काळी कोणाला नवल वाटले नाही. या दोन्ही संग्रहांत एक गोष्ट समान होती. वस्तू मिळवणाऱ्याला ती काय आहे, कोठली आहे, हे घेण्यापूर्वी ठाऊक असे. किंबहुना ते ठाऊक करून घेणे हाच छंदाचा गाभा होता.

आजच्या बाजाराने नेमके हेच उलटे केले आहे. वस्तू झाकून विकायची, म्हणजे कुतूहलाचीच किंमत वसूल होते. इटलीतल्या एका कंपनीने १९७४ साली चॉकलेटच्या अंड्यात लहानसे खेळणे दडवून विकण्यास आरंभ केला. त्याच कुळातली किंडर जॉय ही अंडी आज बारामतीच्या कारखान्यात तयार होतात आणि खेड्यातल्या किराणा दुकानातही गल्ल्याशेजारी मांडलेली दिसतात. २०१६ मध्ये अमेरिकेत एल.ओ.एल. सरप्राइज नावाची बाहुली एकावर एक आवरणे चढवून बाजारात आली. त्यानंतर चीनच्या पॉप मार्टचे नाव गाजले. २०१० साली निघालेल्या या कंपनीच्या बंद पेट्यांचे मुख्य गिऱ्हाईक मुले नव्हेत, नोकरी करणारे तरुण आहेत. कासिंग लुंग या चित्रकाराने २०१५ मध्ये चित्रकथेसाठी रेखाटलेली, दात विचकणारी लाबुबू ही बाहुली कंपनीने २०१९ पासून पेटीत घातली, आणि २०२५ पर्यंत तिने जगाला वेड लावले. त्या वर्षीच्या जून महिन्यात बीजिंगमध्ये माणसाच्या उंचीची एक लाबुबू लिलावात १० लाख ८० हजार युआनला गेली. रुपयांत ही रक्कम सव्वा कोटीच्या वर जाते. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. म्हणजे त्या एका बाहुलीत दीड हजार क्विंटलांहून अधिक कापूस बसतो. प्रत्यक्षात तिच्यात कापसाचा धागाही नसतो. पेटीतल्या लाबुबूची लव पॉलिएस्टरची आणि तोंड प्लास्टिकचे असते. या जिल्ह्यातल्या आज्या जुन्या लुगड्याच्या चिंधीत कापूस भरून बाहुली शिवत, एवढे येथे नोंदवून पुढे जावे.

बंद पेटीचे गणित कार्यकर्त्यांनी समजून घ्यावे, कारण ते फार सोपे आहे आणि फार लोक त्यात फसतात. समजा, मालिकेत सहा बाहुल्या आहेत आणि प्रत्येकीची शक्यता सारखी आहे. एकेक पेटी घेत गेल्यास सहाही मिळण्यासाठी सरासरी पंधराच्या आसपास पेट्या घ्याव्या लागतात. पहिली बाहुली कोणतीही चालते. शेवटच्या एकीसाठी मात्र सरासरी सहा पेट्या फोडाव्या लागतात. शिवाय मालिकेत एक ‘गुप्त’ बाहुली ठेवलेली असते. लाबुबूच्या काही मालिकांत तिचे प्रमाण बहात्तरात एक असे सांगितलेले आहे. भोळा माणूस म्हणेल, बहात्तर पेट्या घेतल्या की ती मिळालीच. तसे नाही. सुट्या सुट्या बहात्तर पेट्या घेणाऱ्या शंभर जणांपैकी सुमारे छत्तीस जण तरीही त्या बाहुलीवाचून राहतील. याला आपल्या तालुक्याच्या चौकात काय म्हणतात ते सांगण्याची आवश्यकता नाही. आकडा लावणारा निदान पोलिसाला भितो, आणि आपण जुगार खेळतो आहोत हे त्याला माहीत असते. बंद पेटी घेणाऱ्याला आपण छंद जोपासतो आहोत असे वाटते.

खुद्द चीनमध्ये जून २०२३ मध्ये बाजार-नियंत्रण प्रशासनाने आठ वर्षांखालील मुलांना अशी पेटी विकू नये, त्यावरील मुलांच्या बाबतीत पालकांची संमती असावी आणि कोणती वस्तू किती प्रमाणात निघते हे जाहीर करावे, असे दंडक घातले.

याउलट बंद डब्याचा जो खेळ या मातीत होता, तो आठवून पाहावा. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत विदर्भातल्या मुली भुलाबाई मांडतात. मातीची भुलाबाई, मातीचे भुलोजी, मांडीवर गणपती; भोवती बसून टिपऱ्यांच्या तालावर गाणी. गाणी संपली की घरधनीण झाकलेला डबा घेऊन येते आणि हलवून वाजवते. आत काय असेल? गोड की तिखट? कोरडे की ओले? वाजते आहे म्हणजे फुटाणे असतील. वाजत नाही म्हणजे शिरा असावा. मुलींना ओळखता येऊ नये म्हणून आया काय काय युक्त्या लढवतात! कुतूहल तेच, काळजाचा ठोका चुकणेही तेच. पण डबा उघडल्यावर त्यातला खाऊ सगळ्यांच्या हातावर पडतो. जिने ओळखला तिच्या आणि जिचे चुकले तिच्याही. वाणी, शिक्षक, शेतमजूर, ज्याच्या घरी त्या दिवशी भुलाबाई असेल त्याचा डबा, आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच्या घरचा. गुप्त खाऊ बहात्तर मुलींतून एकीला देण्याची कल्पना त्या बायकांना सुचली नाही. अर्थात या वर्तुळातही जातीचे उंबरठे होते आणि काही मुली अंगणाबाहेर उभ्या राहिल्या, हे विसरून त्या खेळाचे गोडवे गाणे अप्रामाणिकपणाचे होईल. परंतु तो दोष अंगणाचा होता. त्यावर उपाय अंगण मोठे करणे हा आहे. डब्याला किंमत लावणे हा नव्हे.

आता करणाऱ्या हातांविषयी. हा भाग संग्राहक आणि परीक्षक या दोघांच्याही नजरेतून सुटतो. बाहुलीच्या पेटीवर कंपनीचे नाव असते, क्वचित चित्रकाराचेही असते. शिवणारणीचे कधीच नसते. आपल्याकडे तरी निराळे काय? पुसद, दिग्रस, दारव्हा या भागांत बंजारा समाजाची वस्ती मोठी आहे. आरसे, कवड्या आणि रंगीत दोऱ्यांनी भरलेली फेटिया-कांचळी ल्यालेली बंजारा बाहुली शहरातल्या हस्तकला भांडारांत शोभेची म्हणून विकली जाते. संग्राहक ती कौतुकाने घेतो, ‘बंजारा बाहुली’ अशी चिठ्ठी लावून कपाटात ठेवतो. कोणत्या तांड्यावरच्या कोणत्या बाईने ते भरतकाम केले आणि तिला त्याचे किती मिळाले, ही नोंद चिठ्ठीवर नसते. वास्तविक संग्राहकाचा खरा धर्म नोंद ठेवण्याचा. नाणे जमवणारा टांकसाळीचे चिन्ह सोडत नाही. मग बाहुली जमवणाऱ्याने करणारणीचे नाव का सोडावे?

नंदी घडवणाऱ्या सुताराची गोष्ट आणखी कठीण आहे. बलुत्याच्या काळात तो वखर, तिफण, बैलगाडी करी आणि उरल्या लाकडातून पोरांसाठी नंदी काढी. ट्रॅक्टर आले, औजारे लोखंडाची झाली, आणि उरल्या लाकडातला नंदी हेच काही सुतारांचे हंगामी काम होऊन बसले. अशातच केंद्र सरकारचा खेळण्यांच्या गुणवत्तेविषयीचा आदेश १ जानेवारी २०२१ पासून अमलात आला. चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यासाठी केलेली वस्तू म्हणजे खेळणे, आणि तिच्यावर मानक संस्थेचे चिन्ह हवे, असा त्याचा आशय. मुलाच्या तोंडात विषारी रंग जाऊ नये, हा हेतू योग्यच आहे आणि त्याला विरोध करण्याचे कारण नाही. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांना त्यातून सूटही देण्यात आली. पण सूट नोंदलेल्यांना आहे. घाटंजी वा पांढरकवड्याच्या बाजारात गोणपाटावर दहा नंदी मांडून बसलेल्या माणसापर्यंत ती नोंदणी पोचवणार कोण? इकडे लाबुबूच्या पेटीवर ‘पंधरा वर्षांवरील व्यक्तींसाठी’ असे छापलेले असते, आणि २०२५ मध्ये तिच्या नकला देशभरच्या बाजारांत उघड्यावर टांगलेल्या दिसत होत्या.

तेव्हा या छंदाची टवाळी करण्यात वेळ घालवू नये. ज्या तरुणतरुणी बाहुल्या जमवतात, त्यांच्यापाशी बारकाईने पाहण्याची नजर आहे, आणि पेटीत अमुक निघण्याची शक्यता किती हे विचारण्याचे धैर्यही त्यांच्यापैकी कित्येकांच्या परीक्षणांत दिसते. अशा मंडळींना शाखेच्या कामात घ्यावे. त्यांच्याकडून जिल्ह्यातल्या नंदी करणाऱ्या सुतारांची, भुलाबाईच्या मूर्ती करणाऱ्या कुंभारांची आणि भरतकाम करणाऱ्या बंजारा स्त्रियांची तालुकावार यादी करून घ्यावी: नाव, गाव, वर्षाला किती वस्तू, लाकूड वा माती कोठून मिळते, हाती काय पडते. वनखात्याच्या आगारातून सुताराला सागवानाचे लहान तुकडे रास्त दरात मिळावेत, ही मागणी त्या यादीच्या आधारे करता येईल. कारागीर नोंदणीचे अर्ज तालुक्याच्या ठिकाणी बसून भरून घेता येतील.

आणि तान्ह्या पोळ्याच्या स्पर्धा जेथे आपले कार्यकर्ते भरवतात, तेथे बक्षिसाच्या फलकावर मुलाच्या नावाखाली नंदी घडवणाऱ्याचे नाव लिहावे. नंदी आजोबांच्या वेळचा असेल तर तो सुतार आज हयात नसेल. तरी घरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारावे. नाव बहुधा त्यांना आठवत असते.