तुळशीवाडीचा फुटपाथ



मुंबईच्या फुटपाथवर राहणाऱ्यांच्या ओल्गा टेलिस खटल्यावर बोलताना आम्ही वकील एकदम निष्कर्षच सांगून मोकळे होतो: उपजीविकेचा हक्क हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. आज त्याआधी निकालपत्रातल्या एका अर्जदाराची ओळख करून देतो.

माणूस आपल्या संगमनेरचा. चपला-जोडे शिवून दिवसाला सात-आठ रुपये मिळवायचा. गावातलं घर पडलं, तसा मुंबईला आला आणि बदली कामगार म्हणून महिना साडेतीनशेवर लागला. तुळशीवाडीच्या फुटपाथवर जागा मिळावी म्हणून त्याने तिथल्या गुंडाला तीनशे रुपये मोजले. बांबू आणि प्लास्टिकच्या कापडाला सातशे लागले. फुटपाथवर लोक फुकट राहतात, असं आपण किती सहज म्हणून जातो!

१९८१ च्या जुलैत, ऐन पावसाळ्यात, मुख्यमंत्री अंतुले यांनी अशा लोकांना हटवून मूळ गावी पाठवण्याची घोषणा केली. सेलमहून आलेल्या दुसऱ्या एका अर्जदाराची झोपडी पाडून त्याला कुटुंबासह बसमध्ये बसवून दिलं. बायको-मुलींना सेलमला ठेवून तो काम शोधायला पुन्हा मुंबईत हजर! पोट आणि फुटपाथ यांचं नातं याहून स्पष्ट कोण सांगणार?

झोपड्या पाडणाऱ्या मुंबई महापालिकेची भिस्त होती १८८८ च्या महापालिका कायद्यातल्या कलम ३१४ वर. रस्त्यावरचं अतिक्रमण नोटीस न देता काढण्याची मुभा ते देतं. अतिक्रमण करणाऱ्याचं ऐकायचं तरी काय, असा पालिकेचा सवाल होता. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी १० जुलै १९८५ रोजी, निवृत्तीच्या आदल्या दिवशी, पाच न्यायमूर्तींच्या पीठातर्फे उत्तर दिलं: नोटीस न देण्याची मुभा आहे, सक्ती नाही, एरवी नोटीस द्यायची, म्हणणं ऐकून घ्यायचं. मला हा भाग उपजीविकेच्या हक्काइतकाच मोठा वाटतो. कारण हक्क मान्य करूनही न्यायालयाने झोपड्या हटवू दिल्या, फक्त ३१ ऑक्टोबरपर्यंत, पावसाळा सरेपर्यंत थांबायला सांगितलं. १९७६ च्या गणनेत ज्यांना ओळखपत्रं मिळाली होती, त्यांना पर्यायी जागा देण्याचं सरकारने कबूल केलं होतं. बाकीच्यांच्या हाती उरली ती नोटीसच.

आता बुलडोझरने घरं पाडण्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा १३ नोव्हेंबर २०२४ चा निकाल पाहा. अमरावतीचे न्यायमूर्ती भूषण गवई आणि न्यायमूर्ती विश्वनाथन यांनी पंधरा दिवसांची नोटीस, सुनावणी, पाडकामाचं चित्रीकरण आणि नियम मोडणाऱ्या अधिकाऱ्याकडून वैयक्तिक भरपाई, असे आदेश दिले. आरोपीचं घर शिक्षा म्हणून पाडता येणार नाही, हे ठणकावून सांगितलं. मी या निकालाचं मनापासून स्वागत केलं. पण त्यात एक अपवाद आहे: रस्ता, फुटपाथ, रेल्वेमार्गालगतची जागा, नदी-तलाव इथल्या अनधिकृत बांधकामांना हे आदेश लागू नाहीत.

म्हणजे तुळशीवाडीचा फुटपाथ पुन्हा बाहेर राहिला. त्याच्यासाठी आजही १९८५ चाच निकाल हाताशी धरावा लागतो, आणि वकिलांनी तो धरलाच पाहिजे. नोटिशीने असा काय फरक पडतो, असं मला विचारलं जातं. त्या संगमनेरकराचे सातशे रुपये म्हणजे दोन महिन्यांचा पगार. पाडकामाची गाडी कधी येणार हे आधी कळलं, तर दोर सोडता येतात, बांबू वाचतात, प्लास्टिक गुंडाळून ठेवता येतं.