फायबरच्या आतलं लाकूड

आमच्या बचत गटाकडे फायबरची एक जुनी होडी आहे. ओहोटी लागली की आम्ही आठजणी तिच्यातून कर्लीच्या खाडीत तिसऱ्या काढायला जातो. होडी घेतली तेव्हा विकणारा म्हणाला होता, "फायबर आहे, कुजायचं नाव नाही." लाकडी होड्यांची दरवर्षीची डागडुजी बघत आम्ही मोठ्या झालो, त्यामुळे ऐकून बरं वाटलं.

तो खोटं नाही बोलला, अर्धंच बोलला. फायबर कुजत नाही, पण बऱ्याच होड्यांत फायबरच्या थराआड लाकूड असतं. तळाला लांबीने बसवलेल्या पट्ट्या असतात, आणि इंजिन अडकवायची मागची जाड फळी असते. सगळा जोर त्यांच्यावर.

फेब्रुवारीत इंजिनाचा वेग वाढवला की मागची बाजू डुगडुगायला लागली. बोल्ट आवळले, तर वायसर फळीत रुतले. शेजारच्या आजोबांनी हातोडीच्या दांड्याने ठोकून बघितलं. बाजूला टणटण वाजत होतं, फळीवर नुसतं बदबद. ते म्हणाले, "आतला लाकूड कुसला गो." बारीक भोक पाडलं तेव्हा कोरडा भुसा येण्याऐवजी काळा ओला चोथा आला, थेट चहाच्या चोथ्यासारखा. वरचा रंग मात्र चकचकीत!

पाणी बोल्टच्या भोकातून शिरलं होतं. आत गेलेलं पाणी बाहेर पडत नाही. ओले कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवावेत तसं होतं. आणि खाऱ्या पाण्यापेक्षा पावसाचं गोडं पाणी लाकूड लवकर कुजवतं, हे आम्हाला तेव्हा कळलं.

एक कारागीर म्हणाला, वरून फायबरचे दोन थर चढवतो, रंग मारतो, थोडक्यात काम होईल. गटातल्या निम्म्या जणी तयार होत्या. पैसे चतुर्थीला वाटून घ्यायचे ठरले होते, त्यांचंही चुकत नव्हतं. मग आमच्यातली सगळ्यात गप्प बसणारी बोलली, "बोल्ट कशाला धरणार? चोथ्याला? भर खाडीत इंजिन सुटलं तर?" आठपैकी तिघींनाच पोहता येतं. त्या दिवशी ठरलं, फळी बदलायची.

काम पावसाआधी, मे महिन्यात केलं, कारण दमट हवेत रेझिन नीट धरत नाही. होडी आधी वाळूच्या पोत्यांवर सपाट टेकवली. लाकूड काढल्यावर होडीचा आकार बिघडू शकतो, म्हणून तळाच्या पट्ट्या बदलायच्या झाल्या तर एका वेळी एकच काढायची. बाहेरचा थर तसाच ठेवून आतला कापला. कुजका चोथा आम्ही बायकांनीच पटाशीने आणि खुरप्याने काढला. आतली बाजू घासून कित्येक दिवस वाळवली. घासताना तोंडाला मास्क, डोळ्यांना चष्मा, अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा हवाच. मी पहिल्या दिवशी आळस केला आणि रात्रभर खाजवत बसले.

प्लाय घेताना त्यावर आयएस ७१० हा शिक्का बघा, तो मरीन प्लायचा. साधा प्लाय स्वस्त मिळतो, तो घेऊ नका. दोन प्लाय रेझिनने एकमेकांना चिकटवले, कडांना रेझिन पाजलं, फळी बसवली. कोपरे रेझिनच्या लांबीने गोल केले, कारण काटकोनात मॅट नीट बसत नाही, खाली हवा राहते. मग मॅटचे थर जुन्या फायबरवर चांगले तीन-चार बोटं चढवून घेतले.

आता नीट ऐका. हार्डनर आणि कोबाल्ट एकमेकांत थेट कधीही मिसळायचे नाहीत, भडका उडतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचा, मगच हार्डनर. उन्हाळ्यात रेझिन डब्यातच तापून घट्ट होतं, म्हणून सावलीत थोडं थोडं कालवायचं. जवळ चूल नको, विडीही नको.

बोल्टची भोकं आम्ही मुद्दाम मोठी पाडली, रेझिनच्या लांबीने भरली आणि ती वाळल्यावर मधोमध पुन्हा बारीक भोक पाडलं. आता पाणी झिरपलं तरी लाकडापर्यंत पोचत नाही. मूळ होडी बांधणाऱ्याने एवढंच केलं असतं तर आमची चतुर्थी कोरडी गेली नसती.

मागची फळी आता टणटण वाजते. तळाची डावीकडची एक पट्टी मात्र एका जागी बद वाजतेय. तिथे खडूने खूण करून ठेवली आहे, येत्या मे महिन्यासाठी.