रुग्णवाहिकेच्या मागच्या बाकावर कोण?

गणेश मंडळाची, पतपेढीची किंवा एखाद्या ट्रस्टची रुग्णवाहिका नाही असा तालुका महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. वर्गणी जमते, देणगीदाराचं नाव दारावर रंगवलं जातं, नारळ फुटतो आणि गाडी सुरू होते. पुढे मात्र त्या गाडीत पुष्कळदा एकटा चालक असतो आणि मागे रुग्णाजवळ बसतो तो त्याचा घाबरलेला मुलगा नाहीतर सून. लोकांच्या पैशातून उभ्या राहिलेल्या या सेवेला आज आणखी एका गाडीपेक्षा मागच्या बाकावर बसणाऱ्या शिकलेल्या हातांची जास्त गरज आहे, असं माझं ठाम मत आहे. आणि ते हात तुमचे असू शकतात.

वाटेत काय काय होतं ते पाहा. बेशुद्ध माणूस उताणा झोपवला तर त्याची जीभ मागे पडते, उलटी श्वासनलिकेत जाते. तोच माणूस श्वास घेत असेल आणि मानेला, पाठीला मार नसेल, तर त्याला नीट कुशीवर वळवलं की हा धोका बराच टळतो. मांडीतून रक्त वाहत असेल तर जखमेवर स्वच्छ कापड ठेवून दोन्ही हातांनी सलग दाबून धरावं लागतं. दर मिनिटाला उचलून बघितलं की गोठू लागलेलं रक्त पुन्हा वाहतं. हृदय बंद पडल्यावर चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते. तिथे मिनिटाला 100 ते 120 या गतीने, छाती 5 ते 6 सेंटीमीटर खाली जाईल असा दाब द्यावा लागतो. यातलं कोणतंही काम चालकाला स्टिअरिंग सोडून करता येत नाही.

यावर लगेच विचारलं जातं, 108 आहे ना? आहे, आणि जिवावरचा प्रसंग असेल तर पहिला फोन तिथेच करावा. 2014 पासून राज्यात चालणाऱ्या या सेवेच्या गाडीत डॉक्टर असतो. पण ती आणीबाणीसाठी आहे. डायलिसिसला नेणं, खुब्याचं हाड मोडलेल्या आजींना ग्रामीण रुग्णालयातून जिल्ह्याच्या ठिकाणी हलवणं, ही कामं स्थानिक गाडीकडेच येतात. त्या आजींना स्ट्रेचरवर घेताना एकाने पाय ओढला आणि दुसऱ्याने खांदा, तर वेदना किती वाढतात याची कल्पना करा. इथे शौर्य लागत नाही, सराव लागतो.

दुसरी शंका अधिक गंभीर आहे: मी डॉक्टर नाही, माझ्या हातून काही बिघडलं तर? मोटार वाहन कायद्यात 2019 साली आलेलं कलम 134-अ रस्ते अपघातातल्या जखमीला सद्हेतूने, मोबदल्याची अपेक्षा न ठेवता मदत करणाऱ्याला दिवाणी आणि फौजदारी कारवाईपासून संरक्षण देतं. पण हे संरक्षण अपघाताच्या प्रसंगापुरतं आहे. मंडळाच्या प्रत्येक फेरीला ते लागू होतं असं गृहीत धरू नका. म्हणून संस्थेकडे स्वयंसेवकांची लेखी नोंद हवी, प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र हवं, आणि काय करायचं नाही हेही ठरलेलं हवं. औषध द्यायचं नाही, बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालायचं नाही, मृत्यू झाला असं आपण जाहीर करायचं नाही. या मर्यादा पाळणारा साधा माणूस रुग्णाला सुरक्षित ठेवतो. धोका असतो तो न शिकता उत्साहाने पुढे येणाऱ्याचा.

राहिला वेळेचा प्रश्न. नोकरी आणि घर सांभाळून रोज जमणार नाही, आणि रोज यावंही लागत नाही. आठवड्यातली एकच रात्र घ्या, पण ती चुकवू नका. ‘जमेल तेव्हा येतो’ म्हणणाऱ्या वीस जणांच्या भरवशावर रात्री दोनला गाडी निघत नाही. सेंट जॉन ॲम्ब्युलन्स किंवा रेड क्रॉसचा प्रथमोपचार वर्ग आधी करा. मग पाळीवर आल्यावर पहिलं काम सायरन तपासण्याचं नाही. ऑक्सिजनचा सिलिंडर उघडून काटा बघा, सिलिंडरची चावी तिथेच साखळीला बांधलेली आहे का ते पाहा, मास्क मोठ्यांचा आणि लहान मुलांचा असे दोन्ही आहेत का हे हात लावून खात्री करा, आणि सगळं वहीत लिहून खाली सही करा.