इमारत पास की नापास?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषणाचं शब्दांकन)



संयोजकांनी मला ‘संगणक क्षेत्रातील संधी’ हा विषय दिला होता. त्यांची माफी मागून मी तो बदलते आहे, कारण सकाळी आपण एक मोठा निर्णय घेतला. शाळेच्या नव्या वर्गखोल्यांसाठी सगळ्या बॅचेस मिळून निधी उभारणार आहेत. पडद्यावर नव्या इमारतीचं चित्र दाखवलं तेव्हा टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. पण जागेवर बसल्यावर मला आपली संगणक खोली आठवली आणि जरा लाजल्यासारखं झालं. त्याबद्दल बोलते, पण सुरुवात नोटांपासून करते.

नाशिक रोडची माणसं आपण. या सभागृहातल्या कितीतरी जणांची घरं प्रेसच्या पगारावर चालली. 1925 साली सिक्युरिटी प्रेस आली, 1928 साली करन्सी नोट प्रेस. माझे बाबा नोट प्रेसमध्ये तपासणीला होते. छापलेला कागद डोळ्यांखालून घालायचा आणि दोष दिसला की बाजूला काढायचा, हे त्यांचं काम. घरी ते माझी वहीसुद्धा उजेडाकडे धरून तपासायचे.

प्रेसच्या दारातून बाहेर पडताना नोट पास झालेली असायची. पण नोटेची दुसरी परीक्षा बाजारात होते, भाजीवालीच्या ओल्या हातात, कंडक्टरच्या पिशवीत, आपल्या खिशात. आपण आठवी-नववीत होतो तेव्हाची गोष्ट. 1994 च्या शेवटी एक रुपयाच्या नोटेची छपाई थांबली, 1995 मध्ये दोन आणि पाच रुपयांची. या नोटा छापण्यात काही चूक नव्हती. पण वापरात त्या सरासरी वर्षभरही टिकत नव्हत्या, आणि छपाईचा खर्च त्या मानाने परवडत नव्हता. म्हणून त्यांच्या जागी नाणी आली. पुढे यातल्या काही नोटा पुन्हा छापल्या गेल्या, तो भाग वेगळा. मुद्दा असा, की मळलेल्या, फाटलेल्या नोटा रिझर्व्ह बँकेकडे परत येतात, म्हणून नोट किती टिकली हे कळतं. इमारत अशी कोणाकडे परत येत नाही. तिची चौकशी करायची तर आपल्यालाच उठून तिच्याकडे जावं लागतं.

मी इंजिनिअर आहे, पण सिव्हिलची नाही. गेली काही वर्षं मी आर्किटेक्ट लोकांसाठी लागणाऱ्या सॉफ्टवेअरवर काम करते. नकाशा टाकला की आमची प्रणाली भराभर आकडे देते. एफएसआय किती वापरला, चटईक्षेत्र किती, जिन्यात आणि बोळात किती जागा गेली, चौरस फुटाला खर्च किती, मंजुरीला किती दिवस लागले. पडद्यावर सगळं हिरवं झालं की आर्किटेक्ट खूश, बिल्डर खूश, आम्हीही खूश. यातला एकही आकडा त्या इमारतीत राहणाऱ्या माणसाबद्दल नाही, हे माझ्या लक्षात यायला बरीच वर्षं गेली.

आपल्याकडे एक सुंदर शब्द आहे, भोगवटा. इमारत पूर्ण झाली की महापालिका भोगवटा प्रमाणपत्र देते. गंमत बघा, हे प्रमाणपत्र ज्या दिवशी मिळतं त्या दिवशी भोगवटा सुरूच झालेला नसतो. नियमाप्रमाणे बांधलं आहे, आता राहायला हरकत नाही, एवढाच त्याचा अर्थ. राहिल्यावर काय झालं हे विचारायला त्यानंतर सहसा कोणी येत नाही. आपण परीक्षेच्या आदल्या दिवशीच प्रगतिपुस्तकावर सही करून मोकळे होतो.

आता संगणक खोली. काही वर्षांपूर्वी आपल्या बॅचने ती शाळेला दिली. पैसे सगळ्यांचे होते, जबाबदारी माझी होती. मीच आराखडा पाहिला, मीच संगणक निवडले. उद्घाटनाला फीत कापली, फोटो काढले, ग्रुपवर अभिनंदनाचा पाऊस पडला. माझ्या अहवालात संगणकांची संख्या होती, खोलीचं क्षेत्रफळ होतं, वेळेत आणि बजेटमध्ये काम झाल्याचा उल्लेख होता. म्हणजे सगळं हिरवं.

मागच्या दिवाळीत मी सहज शाळेत आले. खोलीला जाड पडदे लावलेले होते आणि भर दुपारी ट्यूबलाइट चालू होत्या. पडदा सरकवून पाहिलं तर पश्चिमेचं ऊन सरळ स्क्रीनवर. खिडकी उघडायला जावं तर तिच्यासमोरच टेबल. मोबाइलमध्ये उजेड मोजायचं साधं ॲप असतं. वर्गात बाकावर साधारण 300 लक्स उजेड असावा असं मानक सांगतं. पडदे ओढून, ट्यूब बंद करून मोजलं तर आतल्या रांगेत त्याच्या निम्मासुद्धा भरेना. पंख्याची बटणं दाराबाहेर, म्हणून पंखा लावायचा तर कोणीतरी उठून बाहेर जायचं. दुपारच्या तासाला मुलं कंटाळतात म्हणून तो तास बहुतेक वेळा वर्गातच होतो, असं कळलं.

मी मावशींना म्हटलं, “अहो मावशी, हे आधी का नाही सांगितलंत?”

त्या म्हणाल्या, “ताई, कोणी विचारलंच नाही. फीत कापून गेलात त्या आज आलात.”

यात शाळेचा दोष नाही आणि बांधणाऱ्याचाही नाही. त्यांनी नकाशाप्रमाणे बांधलं. मी नको ते मोजलं आणि हवं ते विचारलं नाही.

घरी जाऊन मी वाचायला लागले, की इमारतीची रचना चांगली झाली का, हे कोणी मोजतं का. काही जण मोजतात. इंग्लंडमध्ये 1995 ते 2002 या काळात ‘प्रोब’ नावाने एक अभ्यासमाला झाली. वापरात असलेल्या इमारतींमध्ये जाऊन वीज किती लागते ते तपासलं, तिथे काम करणाऱ्यांना प्रश्न विचारले आणि निष्कर्ष इमारतीच्या नावानिशी छापले. कागदावर धरलेल्या विजेपेक्षा प्रत्यक्षात कितीतरी जास्त वीज लागते, हे अनेक ठिकाणी दिसलं. दुसरी गोष्ट मला फार पटली. थोडं गरम किंवा थोडं अंधारं असलं तरी माणसं चालवून घेतात, पण खिडकी आणि बटण आपल्या हातात असेल तर. आमच्या संगणक खोलीत नेमकं तेच हातात नव्हतं.

2003 मध्ये तिथेच एक प्रश्नावली सर्वांसाठी खुली झाली. तिची मुळं दोन हजार वर्षांपूर्वीच्या विट्रुव्हियस या रोमन वास्तुकाराच्या तीन कसोट्यांमध्ये आहेत, मजबुती, उपयोग आणि सौंदर्य. मालक, आर्किटेक्ट, वापरणारे, सगळ्यांनी तीच प्रश्नावली भरायची. मला यातला सर्वांत मोलाचा भाग वाटतो तो म्हणजे उत्तरांमधला फरक. आर्किटेक्टने दहापैकी नऊ दिले आणि झाडणाऱ्या मावशींनी तीन, तर सहा ही सरासरी काही कामाची नाही. त्या दोघांना समोरासमोर बसवून ‘असं का?’ विचारलं, की खरं कळतं.

रचनेचा परिणाम शरीरावरही मोजता येतो. रॉजर उलरिच यांनी 1984 साली अमेरिकेतल्या एका रुग्णालयाच्या जुन्या नोंदींवर अभ्यास प्रसिद्ध केला. पित्ताशयाची एकच शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या त्यांनी 23 जोड्या लावल्या. जोडीतल्या एकाच्या खिडकीतून झाडं दिसत होती, दुसऱ्याच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडं दिसणारे रुग्ण सरासरी पाऊण दिवस आधी घरी गेले आणि त्यांना वेदनेची कडक औषधंही कमी लागली. फरक फक्त खिडकीतून काय दिसतं याचा होता.

पण मला झोप लागू दिली नाही ती आपल्या महाराष्ट्रातल्या अभ्यासाने. मुंबईच्या एम पूर्व विभागात, गोवंडी-मानखुर्द भागात, लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड आणि पीएमजी कॉलनी या तीन पुनर्वसन वसाहती आहेत. झोपड्यांतून उठवलेल्या लोकांना तिथे पक्की घरं मिळाली. ‘डॉक्टर्स फॉर यू’ ही संस्था आणि आयआयटी मुंबईतले संशोधक यांनी मिळून चार हजारांहून अधिक घरांची पाहणी केली. कोणाच्या घरी क्षयरोग झाला ते विचारलं, आणि संगणकावर प्रारूप करून प्रत्येक वसाहतीत ऊन किती येतं, हवा किती खेळते आणि खिडकीतून आकाश किती दिसतं ते काढलं. नटवर पारेखमध्ये उंच इमारतींमधलं अंतर जेमतेम तीन मीटर. त्या वसाहतीत आणि लल्लूभाईमध्ये साधारण दर दहा घरांमागे एका घरात क्षयरोग आढळला. पीएमजी कॉलनीत इमारती मोकळ्या आहेत, तिथे हे प्रमाण साधारण शंभरात एक होतं.

क्षयरोगाला गरिबी, गर्दी, पोषण अशी अनेक कारणं असतात, त्यामुळे सगळं खापर इमारतीवर फोडता येणार नाही. पण तिन्ही वसाहती त्याच भागातल्या आणि पुनर्वसनासाठीच बांधलेल्या होत्या. घरं किती बांधली आणि किती कुटुंबांना मिळाली, या मोजणीत तिन्ही पास होत्या. त्यातल्या दोन कुठे नापास होत्या, ते माणसं राहायला गेल्यावर बऱ्याच वर्षांनी, कोणीतरी दारोदार जाऊन विचारल्यावर कळलं. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘दोन इमारतींमधलं अंतर’ असा एक रकाना आहे. नियमाइतकं भरलं की तो हिरवा होतो. तो अभ्यास वाचल्यापासून त्या रकान्याकडे मला पूर्वीसारखं बघता येत नाही.

माझ्या एका आर्किटेक्ट मैत्रिणीने मला टोकलं. ती म्हणाली, “तुम्ही इंजिनिअर लोक सगळं मोजायला निघालात, तर आम्ही मोजता येईल तेवढंच बांधू.” तिचं खरं आहे. गुणांसाठी शिकवलं की शिकणं मागे पडतं, हे इथल्या शिक्षकांना मी काय सांगणार? आपल्या जुन्या इमारतीचा व्हरांडा घ्या. क्षेत्रफळाच्या हिशेबात ती ‘वाया गेलेली’ जागा. पण डबे आपण तिथे खाल्ले, पावसात खेळलो तिथे, निकालाच्या दिवशी रडलो तेही तिथेच. चौरस फुटांच्या रकान्यात हे येणार नाही. पण मधल्या सुट्टीत मुलं कुठे उभी राहतात, हे आठवडाभर कोणी पाहून लिहून ठेवलं तर नक्की दिसेल. आकड्याने निकाल लागत नाही, कुठे बघायचं ते मात्र कळतं.

म्हणून नव्या वर्गखोल्यांसाठी माझी चार मागणी आहेत.

पहिली, नकाशा पक्का करण्याआधी आपण एका कागदावर साध्या मराठीत लिहू, की ही इमारत काय करेल. उदाहरणार्थ, दुपारी दोन वाजता दिवा न लावता शेवटच्या बाकावरून फळा वाचता येईल. पाऊस कौलांवर किंवा पत्र्यावर पडत असताना बाईंचा आवाज मागे पोचेल. मुलींचं स्वच्छतागृह कोणाला न विचारता, न लाजता वापरता येईल. प्रत्येक वाक्य असं हवं की नंतर तपासता येईल.

दुसरी, हे वाक्य ठरवताना आपण देणगीदार शेवटी बोलू. आधी मुलं, शिक्षक आणि मावशी-मामा. रोजचा भोगवटा त्यांचा आहे.

तिसरी, एक उन्हाळा आणि एक पावसाळा गेल्यावर आपल्यातले काही जण, आर्किटेक्टना सोबत घेऊन, तोच कागद हातात धरून परत येतील. दोष शोधून कोणाला पकडायला नाही, काय जमलं आणि काय राहिलं ते बघायला. आणि जे दिसेल ते पुढच्या स्मरणिकेत छापायचं, आपली चूक असली तरी.

चौथी सगळ्यांत महत्त्वाची. गोळा होणाऱ्या निधीतला दहावा हिस्सा त्या भेटीसाठी राखून ठेवू. नुसती पाहणी करून ‘नोंद घेतली’ म्हणण्यात अर्थ नाही. एक खिडकी वाढवायची, एक बटण हलवायचं, एक छज्जा काढायचा, तर तेव्हा पैसे हातात हवेत. त्यासाठी एखादी खोली कमी झाली तरी चालेल, असं माझं मत आहे. यावर वाद होईल याची मला कल्पना आहे. जेवणानंतर जरूर घालू.

संगणक खोलीची सुरुवात मी केली आहे. टेबलं उत्तरेच्या भिंतीकडे वळवली, बटणं आत घेतली, पश्चिमेला बाहेरून छज्जा लागतो आहे. खर्च मूळ खर्चाच्या मानाने किरकोळ आहे आणि तो माझा आहे, कारण चूक माझी होती. पुढच्या मे महिन्यात दुपारी दोन वाजता मी मावशींबरोबर तिथे बसणार आहे. गुण त्या देतील.

बाबा आज हयात नाहीत. असते तर नव्या इमारतीचं चित्र त्यांनी उजेडाकडे धरून पाहिलं असतं. तेवढं आपणही करू या.